सहा साड्यांचा टोप

मित्रांनो, टोपाची जागा शेगडीवर. मी मात्र सुरतेत, लिंबायतच्या एका खोलीत, कपड्यांच्या लोखंडी पेटीत बसलो आहे. मी जुना आहे, बुडाला पोचे आहेत. पण धक्का बसलाय तो वेगळाच.

माझी पहिली मालकीण सखुबाई बोहारीण. जुने कपडे घ्यायचे आणि भांडी द्यायची, हा तिचा धंदा. याच खोलीत राहणाऱ्या कलाबाईने सोमवारपासून आठ लूम कामगारांना जेवण द्यायचं कबूल केलं होतं आणि घरात एवढ्या वरणाचं भांडंच नव्हतं. सखुबाईने माझ्या बदल्यात सहा साड्या मागितल्या. कलाबाईकडे बरोब्बर सहा होत्या.

पण तिला वाटलं, बोहारीण एकटीला गुंडाळते; दहाजणी बसल्या तर चारवर येईल. तिने सगळी गल्ली गोळा केली. सुरतेत साड्यांना काय तोटा? प्रत्येकीने गाठोडं सोडलं आणि प्रत्येकीची नजर माझ्यावरच खिळली. मंगलाबाई सात म्हणाली, सुंदरा नऊ. मी चक्रावलो. सकाळी सहा साड्यांचा होतो, तासाभरात बारा साड्यांचा झालो, आणि अंगावर एक रेघसुद्धा वाढली नव्हती! मी एकटाच होतो. साड्यांचा ढीग वाढला तशा साड्याच स्वस्त झाल्या.

सोमवार तर तोंडावर आला होता. कलाबाई घरात गेली आणि तिने याच पेटीच्या तळातून लग्नातला शालू काढून आपल्या सहा साड्यांवर ठेवला. तो एकटाच त्या सहांहून भारी होता. कोणीच पुढे सरकेना, तिथे भाव ठरला. कोणी कोणाला फसवलं नव्हतं, हेच मला अजून पचत नाही.

पुढे नऊ वर्षं मी वरण शिजवलं. जेवणारे बोटं चाटत. मग सून जयश्रीने मोठा कुकर आणला आणि मी कोपऱ्यात पालथा पडलो. परवा सखुबाई पुन्हा दारात आली. जयश्रीने मला पुढे केलं, प्लास्टिकच्या बादलीच्या बदल्यात! कलाबाईने मला ओढून घेतलं.

“मना शालू कोठे शे?” तिने आपल्या शालूबद्दल सखुबाईला अहिराणीत विचारलं.

सखुबाईने मान खाली घातली. “त्याची तर तवाच फडकी झाली, बाई. लूम पुसायला गेली.”

माझंच वरण जेवलेल्या हातांनी ते फडकं फिरवलं असेल, या विचाराने मी हादरलो.

मित्रांनो, जुनं भांडं काढून टाकताना त्याचं काय मिळेल ते विचाराच; पण ते घरात आलं तेव्हा घरातून काय गेलं, तेही विचारा. कलाबाईने मला घासूनपुसून या पेटीत ठेवलं. तळाशी शालूची जागा अजून रिकामीच होती.