उतारावरचे कण

मावशीच्या मते घरात मी एकटीच अशी, जिला कुणाचं मन राखता येत नाही. म्हणून तिने मला बोलावलं. मी दवाखान्यात रक्त तपासते, दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसते. दगडांतलं मला ओ की ठो कळत नाही, आणि तिला नेमकं तेच हवं होतं. शिवाय एकच गोष्ट कुणी दोनदा सांगायला लावली की माझं डोकं फिरतं. ती मला ठिणगी म्हणते ते उगाच नाही.

मावशीने उभी हयात एका दगडामागे घालवली. पृथ्वीवर झाड नव्हतं, मासा नव्हता, श्वास घ्यायला धड हवासुद्धा नव्हती, तेव्हाचा दगड. त्यातले नागमोडी पट्टे जिवाणूंच्या थरांनी घडवलेत, असं ती म्हणायची. बाकीचे विद्वान म्हणायचे, नुसता गाळ आहे. आता त्या दगडाचा नखाएवढा तुकडा उरला होता, आणि मावशीची नजर पार अधू झाली होती.

तिने टेबलावर दोन काचपट्ट्या ठेवल्या. दोन्हींवर उजेड आरपार जाईल इतका पातळ घासलेला दगड.

"एक माझा, एक साध्या गाळाचा," ती म्हणाली. "कुठला कोणता, मलाही माहीत नाही. माझ्या काचेला मागून ओरखडा आहे, पण तो तुझं सांगून झाल्यावरच चाचपायचा. विद्यार्थी मला खूश करतील गं. तू फक्त सांग, वाळूचे कण कुठे बसलेत."

मी पहिली काच लावली. "नागमोडी पट्ट्यांच्या खळग्यांत. उतारांवर एकही नाही."

"नीट बघ."

"नीटच बघतेय!"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. सुटी वाळू घरंगळून खळग्यातच जाणार, त्याला जीव कशाला लागतो? ही काच तिची निघाली तर? तिची बोटं टेबलाच्या कडेवर घट्ट रुतली होती. आयुष्यात पहिल्यांदा मला खोटं बोलावंसं वाटलं. बोलले नाही.

दुसरी काच लावली. "इथे कण उतारावर आहेत. चांगल्या खड्या उतारावर! घसरायला हवे होते की. पण चिकटून बसलेत, आणि त्यांच्या अंगावरून पुढचा पट्टा गेलाय."

मावशीने ती काच मागून घेतली. पालथी करून कडेने नख फिरवलं. नख एका जागी अडकलं. तिने पुन्हा फिरवलं, पुन्हा तिथेच अडकलं.

"तेव्हा धरायला हात कुणालाच नव्हते गं," ती म्हणाली. डोळे भरून आले होते. "नुसता बुळबुळीत थर. वरून वाळू पडायची, तो ती धरून ठेवायचा आणि उजेडाकडे वर सरकायचा. आपलं सगळ्यांचं तिथून सुरू झालं."

"आता मानतील विद्वान?"

"भांडतील. भांडू देत."

मी काच परत लावली. खरं सांगते, ऊर भरून आला. रोज इतकं रक्त बघते, पण असं कधी झालं नव्हतं. बारके, वेडेवाकडे कण, आणि एकानेही जागा सोडली नव्हती.

"ठिणगे," मावशी हळूच म्हणाली, "पुन्हा एकदा सांगतेस?"

मी खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि पहिल्या पट्ट्यापासून सांगायला लागले.