किल्ली नसलेली अकरा वर्षे

मी एक जुने पितळी कुलूप आहे, मित्रांनो. मी घर किती वर्षे बंद ठेवले असे विचाराल, तर जेमतेम चार. पुढची अकरा वर्षे कडीला उघडाच लटकून होतो, आणि माझी खरी कमाई तेव्हाची आहे.

एका म्हाताऱ्या कारागिराने मला आणि माझ्या किल्लीला एकाच दिवशी घडवले. माझ्या पोटात पाच खटके आहेत. किल्लीशिवाय मी लागतही नाही, उघडतही नाही. मला विकत घेतले एका खलाशाने. त्याची बायको शिवणकाम करायची. सगळे तिला ताई म्हणत. चार वर्षांनी, तो बोटीवर जायच्या दिवशी, दोघे बाजारातून आले. त्याने मला उघडले, सवयीने किल्ली खिशात टाकली आणि तसाच निघून गेला. दोन पत्रे आली, मग तीही थांबली.

"ताई, दुसरी करून देतो. अर्ध्या तासाचं काम," कुलूपवाला म्हणाला.

"नको. किल्ली ह्यांच्या खिशात आहे. ते आले की लावू."

ताई हट्टालाच पेटली होती. पण उघड्या घरात माणसे शिरणारच! गुडघे दुखणारे पोस्टमनकाका टेकायला येऊ लागले. शेजारीण कामावर जाताना बाळ ठेवून जाऊ लागली. आधी ताई धुसफुसायची. तिची प्रार्थना म्हणजे देवाशी भांडण असे: "माझा माणूस परत दे." हळूहळू त्या प्रार्थनेत काकांचे गुडघे आले, शेजारणीचे बाळ आले, समुद्रावरची सगळीच माणसे आली. पुढे पुढे तर ती काही न मागता नुसती शांत बसे.

मलाही किल्लीची फार आठवण येई. पोटात तिच्याच आकाराची जागा रिकामी होती. दर रविवारी ताई तिथे शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडी. मग मीही ठरवले, झुरायचे, पण गंजायचे नाही.

अकराव्या वर्षी त्याच्या बोटीवरचा पांढऱ्या दाढीचा दुसराच एक खलाशी किल्ली घेऊन आला. फक्त किल्ली. ताई भिंतीला टेकून पोटभर रडली. मग उठून तिने ती माझ्यात फिरवली. पाचही खटके एका दमात उठले.

"आता घर बंद ठेवता येईल, ताई," खलाशी म्हणाला.

"येईल की." तिने मला पुन्हा उघडले आणि किल्ली खिळ्याला अडकवली. "बसा, चहा टाकते. पोस्टमनकाका येतीलच एवढ्यात."

मित्रांनो, तुमचेही कोणी दूर गेले असेल. त्याची जागा घाईने भरू नका, आणि गंजूही देऊ नका. आठवड्याला थेंबभर तेल पुरते. मी स्वतः साक्षीला आहे.