खांद्यावरची शिवण

जुन्या काळच्या वैमानिकांसारखे चामड्याचे जाकीट घ्यावे, हा नवऱ्याचा तरुणपणापासूनचा हट्ट. दुखण्याने तो निम्मा झाल्यावर बायकोने त्याला दुकानात आणले आणि त्याच्या पूर्वीच्याच मापाचे जाकीट मागून त्याच्या अंगावर चढवले.

"वहिनी, खांद्याची शिवण दंडावर उतरलीय," दुकानदार म्हणाला. "हे अंगाबरोबरच हवं. चामडं वापरून सैल पडतं, आटत नाही. दोन मापं लहान देतो."

"लहान नको. औषध लागू पडलं की भरतील अंगाने."

"मी काय कणगी आहे भरायला?" नवरा हसला, आणि ते हसणे खोकल्यात बुडाले.

लहान जाकीट चढवून, दुकानदाराच्या सांगण्यावरून त्याने हात वर केले. कंबरेची पट्टी जागची फारशी हलली नाही. कित्येक महिन्यांनी आरशात एक नीटनेटका, पुरा माणूस उभा होता.

"हेच घेऊ या गं," तो हळूच म्हणाला. "मला आज घालायचंय."

तिने मोठे जाकीट छातीशी घट्ट धरले होते. बऱ्याच वेळाने तिने ते दुकानदाराकडे परत दिले आणि नवऱ्याच्या जाकिटाची चेन स्वतः गळ्यापर्यंत ओढली. चेन कुठेही अडली नाही.