सोडून दिलेलं हृदय

प्रत्यारोपणाची वाट बघणाऱ्या सुतारासाठी हृदय आहे, असा फोन आला तेव्हा सर्जनबाई जेवायला बसल्या होत्या. ताट तसंच सारून त्या निघाल्या.

देणारा पन्नाशी उलटलेला, मेंदूत रक्तस्राव होऊन गेलेला. रक्तगट, बांधा, सगळं जुळत होतं. पण रक्तदाब जुनाट, हृदयाची भिंत जाड झालेली, आणि अँजिओग्राफीच्या पडद्यावर एक रक्तवाहिनी मध्येच चिंचोळी दिसत होती.

"हे मी घेत नाही," बाई म्हणाल्या.

परत येऊन त्यांनी सुताराला आणि त्याच्या बायकोला खरं ते सांगितलं. "ते बसवलं असतं तर पहिल्याच महिन्यात दगा देण्याची भीती होती. याहून चांगलं मिळेल."

"बरं केलंत. लाकूड घेताना मीही गाठी बघतो," सुतार धापा टाकत हसला.

बायको हसली नाही. "आणि मिळालंच नाही तर?"

बाई रिपोर्ट चाळत राहिल्या.

आठवडे गेले. सुताराचे पाय टम्म फुगले, पोटात पाणी साठलं, दोन शब्दांत त्याला दम लागायला लागला. अशात दुसऱ्या हॉस्पिटलमधल्या ओळखीच्या सर्जनचा फोन आला. "तुम्ही सोडलेलं हृदय आम्ही घेतलं. रक्तवाहिनीला बायपास जोडला. आमची पेशंट जिना चढते आता!"

बाईंनी सुताराची फाईल पुन्हा उघडली.

त्यानंतर आलं ते हृदय तरुणाचं होतं, पण एकदा बंद पडून पुन्हा चालू केलेलं. शिवाय प्रवास लांबचा, बर्फात ठेवून आणायचं.

"मॅडम, हे तर मागच्याहून वाईट," ज्युनिअर चाचरत म्हणाला.

"माहीत आहे. तेव्हा तो थांबू शकत होता. आता नाही."

सुताराच्या बायकोला त्यांनी तेच सांगितलं.

"मग मागचं का सोडलंत?"

"माझा अंदाज चुकला, ताई."

"आणा कागद," ती म्हणाली आणि सही केली.

टाके घालून झाले, रक्त सोडलं. हृदय थरथरलं, ठोके पडू लागले. क्षणभर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मग उजवी बाजू फुगत गेली. रक्त पुढे ढकलायला तिच्यात जोरच नव्हता. सुताराला हृदयाचं काम करणाऱ्या मशीनवर ठेवलं. रोज बाई मशीनचा जोर किंचित कमी करून बघत, रोज रक्तदाब कोसळे. हृदय काही सावरलं नाही. मग मूत्रपिंडंही गेली, आणि एका सकाळी मशीन बंद करायचं ठरलं.

बायकोने नवऱ्याच्या छातीवर तळहात ठेवला. "कोणाचं होतं हो हे?"

"ते सांगता येत नाही, ताई."

"नका सांगू." तिने हात काढला नाही. "त्याच्या आईला वाटत असेल, कुठंतरी चालू आहे."