न उसवायचं कापड

कारखान्यात त्यांचं खरं नाव फक्त हजेरीच्या वेळी ऐकू यायचं. एरवी लहानथोर सगळे त्यांना काटकोनराव म्हणत. उभा जन्म लेथ मशीनवर गेलेला माणूस. केसभर चुकलेला जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, त्यांच्या हातून कधी पुढे गेला नाही. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, खोड काही सुटली नाही. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं दिसलं की त्यांना घास गिळवत नसे. शेजाऱ्यांकडे गेले तरी उठून त्यांचं कॅलेंडर सरळ करत आणि वर विचारत, "आता बरं वाटतं ना?"

अशा माणसाच्या बायकोने नेमकं बिनआकाराचं कापड विणायला घ्यावं, याला काय म्हणावं!

रोज सकाळी चहा झाला की ती खिडकीशी बसे. डाव्या हातात पिंजलेली लोकर, उजव्या हातात टकळी. टकळीची पितळी चकती मात्र काटकोनरावांनीच लेथवर काढून दिलेली, लग्न नवं होतं तेव्हा. जराही न डुगडुगता फिरायची. डोळे मिटून, काहीतरी पुटपुटत ती धागा काढी, आणि मग तोच धागा क्रोशाच्या सुईने कापडाला जोडत जाई, हात नेईल तिकडे. नमुना नाही, माप नाही. कधी शिंपल्यासारखा गोल निघे, कधी लांबलचक शेपूट. नेम एकच, झालेलं उसवायचं नाही. तिच्या लेखी ही पूजाच होती.

ती काय पुटपुटते, हे काटकोनरावांनी कधी विचारलं नाही. त्यांना चेष्टेतून सवड कुठे होती?

"हा कोणत्या देशाचा नकाशा म्हणायचा?" ते विचारत.

"तुम्हाला व्हिसा मिळणार नाही त्या देशाचा," ती म्हणे.

मग तिचा उजवा डोळा गेला. आतला पडदा सुटला होता आणि दाखवायला उशीर झाला. वर्षभरात डाव्या डोळ्याचंही तेच झालं. या वेळी मात्र लेकीने लगोलग इस्पितळ गाठलं. शस्त्रक्रिया झाली, डोळ्यात औषधी हवा भरली, आणि आता बरेच दिवस पालथं पडून राहायचं, असं ठरलं. इस्पितळ लेकीच्या घराजवळ, म्हणून मुक्कामही तिकडेच. नजर कितपत परत येईल, ते डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं.

तिकडून तिचा फोन आला.

"अहो, कपाटातलं माझं कापड एकदा उन्हाला दाखवा. कसर लागायची नाहीतर. दिसायला लागलं की आधी तेच बघणार आहे मी."

"बरं."

"आणि बाकी काही करू नका त्याला."

"मी काय करणार आहे?"

"म्हणूनच सांगतेय."

काटकोनरावांनी गॅलरीतल्या खाटेवर कापड पसरलं. इतकं निरखून ते पहिल्यांदाच बघत होते. कडा चहूकडे उधळलेल्या, ते एक सोडा. पण मधोमध एक करडा गोळा होता. धागा कुठे दोरीएवढा जाड, कुठे तुटेल इतका बारीक, जागोजागी गाठी. त्या गोळ्याने सगळं कापड एका अंगाला ओढून धरलं होतं. त्यांनी एक गाठ चिमटीत धरून पाहिली. बिचारीला दिसत नव्हतं, हात चुकत होता, आणि आपण नकाशाचे विनोद करत बसलो! आता डोळा उघडल्यावर पहिली नजर पडायची ती या बिघडलेल्या जॉबवर? छे. बिघडलेलं दुरुस्त करायचं, एवढं तरी आपल्याला येतं.

त्यांनी टोक शोधलं आणि ओढलं. सरसर उसवत गेलं. गोळा संपला, तरी हात थांबेना, म्हणून शेजारची एक शेपूटही गेली. मधे हे भगदाड पडलं. इतकी वर्षं बघून साधा टाका त्यांना जमत होता. भोक सपाट विणून भरायचं, असा बेत होता. पण उसवलेला धागा काही सरळ होईना. जिथे जिथे टाका होता तिथे तिथे त्याला वळण पडलेलं. ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली, उशाखाली दाबून ठेवला, काही केल्या ती वळणं जाईनात. लोखंड कसं गुमान ऐकतं. लोकर ऐकत नाही.

आईचे कपडे न्यायला लेक आली, तेव्हा क्रोशाची सुई कानावर खोचून ते त्याच खटपटीत होते. तिने खाटेकडे पाहिलं आणि मटकन खाली बसली.

"बाबा, काय केलंत हे?"

"दुरुस्ती."

"आई कधीच उसवत नाही! अहो, एकेक तुकडा म्हणजे एकेक माणूस आहे. त्याचे आभार मानत धागा काढते ती. हा निळा, माझ्या जन्माच्या वेळी रात्रभर उशाशी बसलेली नर्स. हा विटकरी, तिला सायकल शिकवणारा मामा. ती उसवलेली शेपूट म्हणजे आपला जुना पोस्टमन. आणि मधला गोळा…"

"मधला कोणाचा?"

"तो नाही सांगितला तिने."

लेक गेली. काटकोनराव त्या भगदाडासमोर बसून राहिले. कोणाचे आभार आपण ओढून काढले? बायकोच्या आईचे? बहिणीचे? कापडात आपला तुकडा कुठे असेल, हेही त्यांनी जाता जाता शोधून पाहिलं. सापडला नाही. हे त्यांना लागलं, आणि लागावं याचीच लाज वाटली. त्या दिवसापासून जेवणावरचं त्यांचं लक्ष उडालं. कॅलेंडरसुद्धा तिरकं झालं ते तसंच राहिलं.

बायको घरी आली ती काळा चष्मा लावून, लेकीचा हात धरून. दारातच थांबली.

"मोठं मोठं दिसतं, बारीक नाही," ती म्हणाली. "तुम्ही दिसताय. शर्ट उलटा घातलाय."

काटकोनरावांच्या डोळ्यांना धार लागली. दिसलो! तेवढ्या एका वाक्यासाठी त्यांनी डॉक्टरांचे मनोमन पाय धरले. आता कापडाचं नंतर सांगू, असं एकदा मनात आलं. पण खिडकीशी पसरून ठेवलेल्या कापडापाशी ती पोहोचलीसुद्धा होती आणि तिचे हात त्यावरून फिरत होते. मधोमध येऊन थांबले. एक बोट भोकातून आरपार गेलं.

"मी उसवलं," ते म्हणाले. "मला वाटलं, तुझी चूक झालीय."

तिने भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"माझा उजवा डोळा होता तो," मग ती म्हणाली. "म्हटलं, जन्मभर चाकरी केली बिचाऱ्याने, जाताना चार शब्द बरे बोलावेत. रडत रडत काढलेला धागा, सारखा कुठून यायचा?"

काटकोनरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुंडाळून ठेवलेला धागा त्यांनी तिच्या ओंजळीत दिला.

"मी सरळ करायला गेलो. नाही झाला."

तिने धागा चाचपला. एकेक वळण बोटाखालून जाऊ दिलं, आणि तिचा चेहरा हळूहळू निवळला.

"नाही ना झाला? सगळं आहे की यात. फक्त परत विणायचंय. पण मला आता टाका दिसायचा नाही. तुम्ही विणा."

"मी? किती रुंद? कुठून कुठे?"

"हात जाईल तिकडे."

"माझा हात सरळच जातो गं."

"मग सरळ जाऊ द्या. कोपरा आला तर येऊ दे. उसवायचं मात्र नाही."

धागा हातात घेऊन ते घुटमळले. विचारू नये, तेच तोंडातून गेलं.

"यात माझा तुकडा कुठे दिसला नाही."

"तुमचा नाहीच आहे," ती म्हणाली. चाचपडत तिने खिडकीतली टकळी घेतली आणि एक गिरकी दिली. पितळी चकती जराही न डुगडुगता फिरली. "यातला प्रत्येक धागा हिच्यावरून उतरलाय. तुमचा वेगळा तुकडा मी कुठून काढू?"

काटकोनरावांनी आपला चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

"सुई कुठे गेली?" ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"कानावर आहे तुमच्या," ती म्हणाली. "मला दिसतेय."