चालू संगणक आणि केबल

“रागावलास का रे माझ्यावर?” मित्राच्या या पत्राला मी अकरा वर्षं उत्तर दिलं नव्हतं.

तेव्हा आम्ही एकाच ग्रंथालयात नोकरीला होतो; त्या दिवशी तिथे दोघंच होतो. संगणक चालू असतानाच प्रिंटरची केबल त्याच्या मागच्या पॅरलल पोर्टला, म्हणजे जोडणीच्या खाचेला, जोडली गेली आणि पोर्ट जळला. “या पुस्तकी किड्याचाच उद्योग!” त्याने साहेबांना हसत सांगितलं. माझी बदली झाली. हळूहळू मलाही वाटू लागलं, आपणच केलं असेल.

काल भावाच्या दुकानात तसलाच जुना प्रिंटर जोडताना, केबल उचलण्याआधीच माझ्या हाताने संगणक आणि प्रिंटर, दोन्हींची बटणं बंद केली.

“काका, एवढं घाबरता?” पुतणी म्हणाली.

“नाही गं, माझी पहिल्यापासूनची सवय आहे,” मी म्हणालो आणि थबकलो.

घरी येऊन लिहिलं, “हो, रागावलोय. केबल तूच जोडली होतीस.” आज सकाळी पत्र पेटीत टाकलं.