आईच्या कबरीची पाटी

गिदोन मास्तर इतक्या सहजासहजी हो म्हणाले, तिथंच नॅन्सीला पप्पांचा संशय आला होता. अहो, बायको गेल्यापासून अकरा वर्षं या माणसाने पोरीचं एकेक स्थळ उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं. कुणी दारुडा, कुणाची आई कजाग. आणि छत्तिसाव्या वर्षी तिने स्वतःच पुण्याचा जस्टिन निवडला, तर म्हणे, "जा की. मी कोण अडवणारा?" वर चहाही स्वतःच केला!

"फक्त जाताना आईच्या कबरीला चुना लावून जा," आज सकाळी म्हणाले. "मृतांचा दिवस आहे."

त्यात वावगं काय? दर दोन नोव्हेंबरला श्रीरामपुरातली ख्रिस्ती माणसं चुना, झाडू, झेंडू घेऊन कब्रस्तानात येतातच. पुण्याची चारची गाडी होती. जस्टिन तिची बॅग घेऊन स्टेशनवर थांबला होता. अर्ध्या तासाचं तर काम, म्हणून ती बादली घेऊन आली.

कबर चुन्याने पांढरी करून ती डोक्याकडच्या बाजूला आली, तर तिथे नवी पाटी. काळ्या दगडाची, कोरी करकरीत. वर आईचं नाव, मरिया. खाली पप्पांचं, जन्मतारीख कोरलेली, पुढची जागा मोकळी. म्हातारी माणसं करून ठेवतात तसं, ठीक आहे. पण त्याच्याही खाली, कुमारी नॅन्सी गिदोन. जन्मतारीख. पुढे मोकळी जागा.

तिच्या हातातला ब्रश पडला. पाटीवर चुना उडाला.

"मागच्या सोमवारी मास्तर आले, म्हणाले लई घाई हाय," शेजारची कबर लिंपता लिंपता छगन गवंडी म्हणाला. "ताई, तारीख बरोबर हाय ना? कोरलेलं खोडता येत न्हाई बघा."

सोमवारी! आणि आदल्याच दिवशी, रविवारी, पप्पा हो म्हणाले होते.

पळ, पळ बाई, तिचा जीव आतून ओरडत होता. फाटकाबाहेर रिक्षा उभ्याच होत्या. पण चुना वाळला की दगडावर डाग राहतो. तिने ओढणीचं टोक भिजवलं आणि गुडघे टेकले. आधी आईचं नाव पुसलं, मग पप्पांचं. मग स्वतःचं, प्रत्येक खाचेतून बोट फिरवून.

जस्टिनचा फोन तीनदा वाजून थांबला. स्टेशनाकडून गाडीचा भोंगा ऐकू आला.

"बरोबर आहे तारीख, छगनदादा," ती म्हणाली.

पुन्हा फोन वाजला. पप्पांचा होता. तिने तो लगेच उचलला.

"चुना पुरला का गं?"

"पुरला, पप्पा. येतेच."